आधी न्याहारी

बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय किनाऱ्यावरच्या माणसाला फारसा समजावून सांगावा लागत नाही. येशूचे सात शिष्य रात्रभर जाळं टाकतात आणि हाती काहीच लागत नाही. उजाडता उजाडता काठावर कोणीतरी उभं दिसतं. ते हाक मारून विचारतं, पोरांनो, खायला काही आहे का? होडीतून 'नाही' एवढंच उत्तर येतं. दर तीन वर्षांनी ईस्टरकाळातल्या तिसऱ्या रविवारी चर्चमधल्या मिस्सेत हे वाचन असतं. आमच्या वसईत ते दिवस उन्हाच्या तलखीचे. पाचूबंदरला दोऱ्यांवर बोंबील लटकलेले असतात, १ जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून आगोटीची घाई चाललेली असते, आणि बाकावर बसलेल्यांच्या कपड्यांनाही सुक्या मासळीचा थोडा वास असतो. ते 'नाही' वाचलं गेलं की मी पुरुषांच्या बाजूला बघते. डिझेलचेही पैसे सुटले नाहीत अशी खेप ज्यांनी अनुभवली आहे त्यांच्या माना हलकेच हलतात.

माझं आजोळ कोळ्यांचं. तिथे या गोष्टीतल्या वेगळ्याच जागा लोकांच्या ध्यानात राहतात. काठावरचा एक अनोळखी माणूस नाखव्याला सांगतो की जाळं उजवीकडे टाक, आणि नाखवा ऐकतो, याचंच माझ्या मामाला नवल वाटायचं. रात्रभर पाण्यात राबलेल्या माणसाला काठावरून शिकवलेलं चालत नाही. दुसरी जागा आकड्याची. जाळ्यात १५३ मोठे मासे आले असं योहान लिहितो. या आकड्याचे गूढ अर्थ शोधण्यात पंडितांनी शेकडो वर्षं घालवली आहेत. मामाचं म्हणणं सरळ होतं: वाटे घालायचे असतील तर मासे मोजावेच लागतात. सात जणांचा धंदा आहे, कोणाच्या वाट्याला किती हे ठरायला नको? मला तो अर्थ अजूनही सर्वांत पटतो. पुनरुत्थान झालं, मरणावर जय मिळाला, तरी त्या पहाटे कोणीतरी चिखलात उकिडवं बसून मासे मोजत होतं आणि काठावरचा तो माणूस, म्हणजे येशूच, त्यांना मोजू देत होता.

पण माझा जीव अडकतो तो त्याआधीच्या एका ओळीत. शिष्य किनाऱ्याला लागतात तेव्हा तिथे कोळशांचा विस्तव आधीच पेटलेला असतो, त्यावर मासळी ठेवलेली असते, आणि भाकर असते. यांचे १५३ अजून पाण्यातच आहेत. म्हणजे त्याने स्वतःची मासळी आणली होती. आणि तो म्हणतो, "या, न्याहारी करा."

निखाऱ्यावर मासा भाजताना ज्याने पाहिलं आहे त्याला या ओळीतली मेहनत कळेल. माझी मामी बांगडा भाजायची तेव्हा आधी लाकडं जाळून त्यांचे निखारे व्हायची वाट पाहायची, कारण जाळावर धरला तर कातडी करपते आणि आत कच्चा राहतो. मग बांगड्याला दोन्ही अंगांनी तिरक्या चिरा द्यायच्या, मीठ चोळायचं, आणि राख धरलेल्या निखाऱ्यावर ठेवायचा. त्यातली चरबी ठिबकायला लागली की धूर उठतो, डोळे चुरचुरतात, आणि तेव्हाच तो उलटायचा असतो. हातात चिमटा घेऊन तिथेच बसून राहावं लागतं. हे काम उठून दुसरीकडे जाता येण्याजोगं नाही, दुसऱ्याला सांगून करून घेण्याजोगंही नाही. ज्याच्या हातापायांत खिळ्यांच्या खुणा होत्या तो त्या पहाटे असा बसला होता, धुरात डोळे बारीक करून, होडी कधी येते याकडे बघत. देव कसा आहे असं मला कोणी विचारलं तर इतर काही सांगण्याआधी मी हे सांगते.

त्या होडीत पेत्र होता. तोच पेत्र, ज्याने थोड्याच दिवसांपूर्वी प्रमुख याजकाच्या अंगणात, थंडी होती म्हणून नोकरांनी पेटवलेल्या कोळशांच्या शेकोटीशी हात शेकत, मी या माणसाचा शिष्य नाही असं तीनदा सांगितलं होतं. आता पुन्हा कोळशांचाच विस्तव समोर आहे. त्याला काय वाटलं असेल याबद्दल योहान एक अक्षरही लिहीत नाही. मला एवढंच दिसतं की 'प्रभू आहे' हे ऐकताच पेत्राने अंगरखा कमरेला गुंडाळला आणि पाण्यात उडी टाकली. लूकने सांगितलेल्या सुरुवातीच्या एका भेटीत असंच जाळं भरून आलं होतं तेव्हा हाच पेत्र येशूच्या पाया पडून म्हणाला होता, माझ्यापासून दूर जा, मी पापी माणूस आहे. तेव्हा तर त्याच्या हातून काही घडलंही नव्हतं. आता घडायचं ते सगळं घडून गेलं आहे आणि तो होडी काठाला लागेपर्यंतही थांबत नाही. मधल्या काळात त्याला या माणसाचा स्वभाव कळला होता.

आणि मग न्याहारी होते. कोणी काही बोलत नाही. तू कोण आहेस असं विचारायला कोणी धजत नाही, असं योहान म्हणतो. येशू भाकर घेतो, त्यांना देतो, मासळीही देतो. 'तसं का केलंस' असा सवाल नाही, नकाराच्या वेळी आरवलेल्या कोंबड्याची आठवण नाही. त्यांची न्याहारी झाल्यावर, पोटात घास गेल्यावर, रात्रभराची थंडी अंगातून गेल्यावर, तो पेत्राकडे वळून विचारतो: माझ्यावर प्रीती करतोस का? तीनदा विचारतो. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं, वाटायला हवंच होतं. पण ते दुखणं भरल्या पोटी आलं. आधी न्याहारी, मग प्रश्न. हा क्रम माझ्या ध्यानात आला आणि त्यानंतर बायबल मी पूर्वीसारखं वाचू शकले नाही, कारण जिथे पाहावं तिथे तोच क्रम दिसू लागला.

मला लहानपणी मिळालेला देव वेगळा होता. तो खोटा होता असं म्हणणार नाही, ज्यांनी तो दिला त्यांनी जीव लावूनच दिला. त्रिकोणात एक उघडा डोळा, असं चित्र आमच्या घरातल्या एका जुन्या प्रार्थनापुस्तकात होतं. आजी म्हणायची, देव बघतोय. तांदळाच्या डब्यातली चिंच चोरताना देव बघतोय, रविवारची मिस्सा बुडवून नदीवर गेलं तर देव बघतोय. आषाढात ढग गडगडले की देव रागावला. त्या डोळ्याला पापणी नव्हती हे मला फार भयंकर वाटायचं. खुद्द आजीचा जीव मात्र फार मऊ होता. दारात आलेल्या कोणालाही काही खायला घातल्याशिवाय ती 'काय काम काढलंस' असं विचारत नसे. तिच्या देवापेक्षा तीच मला शुभवर्तमानातल्या देवाच्या जवळची वाटते. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत असं असतं, शिकवलेला देव कडक आणि शिकवणारा माणूस मायाळू.

त्याच घरात, भिंतीवर, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीरही होती. वसईतल्या कॅथलिक घरांत ती हमखास दिसते, खाली छोटा लाल दिवा. ही भक्ती पसरली फ्रान्समध्ये, मार्गारेट मेरी अलाकोक या संन्यासिनीला १६७३ ते १६७५ या काळात झालेल्या दर्शनांमुळे. त्या काळी तिथे जॅन्सेनिझम नावाची कडक विचारसरणी बोकाळली होती. माणूस इतका मलिन आहे की ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, वारंवार घेणंसुद्धा त्याच्या योग्यतेचं नाही, असं ती शिकवत असे. लोक भीतीने वेदीपासून लांब राहू लागले होते. अशा वेळी छातीवर उघडं हृदय आणि 'जवळ या' म्हणणारा हात लोकांपुढे आला. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. ज्या तसबिरीखाली बसून मी डोळ्याला भीत होते, ती तसबीर त्याच भीतीवरचा उतारा म्हणून जगभर पसरली होती.

जुन्या करारातला देव कडक आणि नव्या करारातला प्रेमळ, असं आपण सहज बोलून जातो. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण एलिया आहे. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवणारा हा जबरदस्त संदेष्टा. राणी ईजबेलने जिवे मारण्याची धमकी दिली तेव्हा तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं, आता माझा जीव घे. आणि झोपला. माणूस खचला की असाच बोलतो आणि असाच झोपतो. देवाने काय केलं? दूत पाठवला. दूताने त्याला हात लावला आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. पुन्हा निखारे! एलिया उठला, खाल्लं, पाणी प्यायला आणि परत झोपला. दूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा येऊन म्हणतो, ऊठ, खा, वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. तुझा विश्वास कुठे गेला, कालच तर एवढा चमत्कार पाहिलास, असलं काही नाही. वाट लांब आहे, म्हणून खा.

त्यानंतर चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगराला पोचतो, तिथे वारा सुटतो, भूकंप होतो, आग लागते, आणि देव त्यांत नसतो. शेवटी एक हलका, मंद आवाज येतो, आणि एलिया तोंडावर झगा ओढून गुहेच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. प्रवचनांत हा मंद आवाज नेहमी येतो, भाकरीबद्दल मात्र मी क्वचितच ऐकलं आहे. 'एलिया, तू इथे काय करतोस?' हा देवाचा प्रश्नही भाकरीनंतरचाच आहे, दोन झोपांनंतरचा.

इस्राएल लोकांना सीनाय डोंगरावर दहा आज्ञा मिळाल्या, निर्गमाच्या विसाव्या अध्यायात. मान्ना, म्हणजे रानात देवाने आकाशातून दिलेली भाकर, पडला तो सोळाव्या अध्यायात. आधी भाकर, मग नियमशास्त्र. आणि तो मान्नाही कुरकुर करणाऱ्यांसाठी पडला, मिसरातली मांसाची भांडी बरी होती म्हणणाऱ्यांसाठी. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला होशेय हा संदेष्टा देवाच्या तोंडून बोलतो तेव्हा देव म्हणतो की एफ्राइमाला, म्हणजे इस्राएलाला, मी चालायला शिकवलं, हातांवर उचलून घेतलं, आणि वाकून त्यांना खाऊ घातलं. विश्व निर्माण करणारा वाकतो ते असं, घास भरवायला.

येशूच्या बाबतीत तर किती सांगावं. याइराची मेलेली बारा वर्षांची मुलगी उठून बसते, सगळे थक्क होतात, आणि हा म्हणतो तिला काही खायला द्या. जक्कय झाडावर चढून बसलेला, साऱ्या गावाने वाळीत टाकलेला जकातदार. येशू म्हणतो, आज मला तुझ्याच घरी उतरायचं आहे. त्या घरात येशूने त्याला उपदेश केल्याचं लूकने लिहिलेलं नाही. जक्कय आपणहून उभा राहतो आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो. येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या उधळ्या पुत्राने घरी जाताना म्हणायचं वाक्य पाठ केलेलं असतं, पण बाप धावत येऊन गळ्यात पडतो आणि ते वाक्य पुरं होण्याआधीच नोकरांना झगा आणायला पिटाळतो. व्यभिचारात धरून आणलेल्या बाईला येशू म्हणतो, मीही तुला दंड ठरवत नाही. जा, यापुढे पाप करू नकोस. ही दोन वाक्यं जर उलट्या क्रमाने आली असती, आधी पाप सोड, मग दंड ठरवणार नाही, तर तो व्यवहार झाला असता. आपल्या कितीतरी घरांत, शाळांत, आणि हो, चर्चमध्येही, ती उलटीच म्हटली जातात.

इथे एक कॅथलिक वाचक मला अडवेल आणि त्याने अडवावंच. मग गंभीर पापात असताना धर्मगुरूपुढे पापनिवेदन केल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद घेऊ नये असं चर्च का शिकवतं? तिथे तर आधी कबुली आणि मग भाकर आहे. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पापनिवेदनाच्या त्या लाकडी जाळीपाशी जो गुडघे टेकतो तो कोणाच्या बळावर तिथवर आलेला असतो? त्याला बाप्तिस्मा मिळालेला असतो, नाव मिळालेलं असतं, आईच्या मांडीवर क्रुसाची खूण करायला शिकवलेलं असतं. तो आधीच घरचा आहे, वर्षानुवर्षं जेवलेला. पेत्रही तीन वर्षं येशूच्या ताटात जेवलेला होताच. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये लिहिलं की ख्रिस्तप्रसाद हे परिपूर्ण माणसांसाठीचं बक्षीस नाही, ते दुर्बळांचं औषध आणि पोषण आहे. त्याच लेखनात धर्मगुरूंना त्यांनी बजावलं की पापनिवेदनाची जागा ही छळाची कोठडी होता कामा नये. त्यांना हे लिहावं लागलं यावरूनच कळतं की कुठे ना कुठे ती तशी झाली होती.

सौम्य म्हणजे मिळमिळीत असा अर्थ कोणी घेऊ नये. येशू रागावला आहे. मंदिरात सराफांचे चौरंग त्याने पालथे घातले. वाळलेल्या हाताच्या माणसाला शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी बरं करावं की नाही यावर लोक गप्प बसले तेव्हा त्याने रागाने सभोवार पाहिलं, असं मार्क लिहितो, आणि त्यांच्या मनाच्या कठीणपणाचं त्याला दुःख झालं, हेही त्याच वाक्यात लिहितो. धर्माचे कडक नियम सांगणाऱ्या शास्त्री-परूश्यांना तो म्हणतो, तुम्ही जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यांवर देता आणि स्वतः बोटही लावत नाही. त्याचा राग कोणावर निघतो ते पाहण्यासारखं आहे. आधीच मान खाली घालून आलेल्या माणसावर तो कधी ओरडलेला मला सापडला नाही. जो देवाच्या दारात उभा राहून दुसऱ्याला आत येऊ देत नाही त्याच्यावर मात्र तो तुटून पडतो. आणि ज्या पेत्राला त्याने खाऊ घातलं त्यालाही त्याने गोड गोड सांगून सोडलं नाही. म्हातारपणी तू हात पसरशील आणि तुझी इच्छा नसेल तिथे दुसरा तुला नेईल, हे त्याच किनाऱ्यावर, त्याच सकाळी सांगितलं.

आम्हा वसईकर ख्रिस्ती माणसांना या बाबतीत आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. सौम्य प्रभूची ही वार्ता आमच्याकडे तोफांच्या गलबतांतून आली. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. त्यानंतरच्या काळात किल्ल्यात चर्च उभी राहिली, शाळा, दवाखाने झाले, आणि देवळंही पाडली गेली, सक्तीही झाली. ज्याने पेत्राला तलवार म्यानात घाल असं सांगितलं त्याच्या नावाने तलवार चालली. मी हे झाकू इच्छित नाही, कारण त्या प्रभूवर माझा विश्वास आहे. पण इतिहास तिथे संपत नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले. चर्चमधल्या घंटा उतरवल्या गेल्या, त्यांतली एक आज नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. आता कोणाला ख्रिस्ती राहण्याची ना सक्ती होती, ना त्यात काही फायदा होता. तरीही इथली माणसं ख्रिस्ती राहिली. वाडीत पानवेलीला पाणी घालणारे, राजेळी केळ्यांची सुकेळी करणारे, दर्यावर जाणारे. सांजवेळी घराघरांत रोजरी, जपमाळेची प्रार्थना, म्हटली जात राहिली, घंटेवाचून. तोफ गेल्यावर जो देव मागे उरला, तोच आमचा असं मला वाटतं.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. मुंबई हाय तेलक्षेत्राच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि ७० हून अधिक माणसं गेली. आमच्या किनाऱ्यावर घरांची छपरं उडाली, केळीच्या बागा आडव्या झाल्या. महिन्याभरात कितीतरी तोंडांतून ऐकलं: देवाचा कोप झाला, पापं वाढली. येशूच्या काळीही शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले होते. लूकच्या तेराव्या अध्यायात तो विचारतो, यरुशलेमात राहणाऱ्या इतर सगळ्यांपेक्षा ते अधिक अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? नाही, असं तोच उत्तर देतो. पुढे तो पश्चात्तापाचंही बोलतो, पण ते जे ऐकत उभे आहेत त्यांच्याबद्दल. मेलेल्यांच्या माथ्यावर तो पाप लादत नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं, तेव्हाही त्याने दोन्ही नाकारलं. एवढं स्वच्छ लिहिलेलं असताना आपण मयताच्या घरी जाऊन पापाचा हिशेब का मांडतो?

आजोळच्या गल्लीतलं एक तरुण पोर दर्यावर गेलं ते परत आलं नाही. त्याच्या आईकडे माणसं येऊन जात होती. कोणी म्हणे देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. कोणी दारातून बाहेर पडता पडता म्हणे, काहीतरी चुकलं असेल घरात. ती भिंतीला टेकून बसलेली, अन्नाला शिवत नव्हती. शेजारची एक म्हातारी रोज सकाळी टोपात पेज घेऊन यायची. पेजेत मीठ, कडेला सुक्या जवळ्याची चिमूट. ती तिच्यापुढे बसायची आणि चमच्याने पाजायची. पहिल्या दिवशी पेज तोंडातून गळली, तिने पदराने पुसली आणि पुन्हा चमचा भरला. देवाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. ही बाई आठवड्याच्या मिस्सेला शेवटच्या बाकावर बसते, प्रवचनात डुलक्या घेते, आणि बायबल वाचायला येत नाही. निखाऱ्यावरची ती मासळी मात्र तिला पुरती समजलेली आहे.

पोराची आई आता चर्चमध्ये येते, पण प्रार्थना म्हणत नाही. देवाशी भांडते, असं तिनेच मला सांगितलं. मी तिला स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून दाखवलं. बहुतेक तक्रारीची स्तोत्रं शेवटी वळण घेऊन स्तुतीवर येतात, हे येत नाही. ते अंधारातच संपतं. देवाने आपल्या ग्रंथात आपल्याविरुद्धची एवढी तक्रार राहू दिली आहे, हे ऐकून ती म्हणाली, पुन्हा वाच. दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्याच्या वाड्यांमध्ये ग्रामदेवासमोर हक्काने गाऱ्हाणं घालतात तेव्हा माणसाचा आवाज असाच चढतो. ज्याच्यावर ओरडता येतं त्याची भीती उरलेली नसते. योहान आपल्या पहिल्या पत्रात लिहितो की प्रीतीत भीती नसते, पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते. ती बाई त्या वाटेवर कितीतरी पुढे गेली आहे, स्तुतिगीतं गाणाऱ्या आमच्यातल्या अनेकांच्या पुढे.

रविवारी मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिला ख्रिस्तप्रसाद, घेणारी मुलं, आठ-नऊ वर्षांची. त्रिकोणातला डोळा मी त्यांना दाखवत नाही. देव बघतोय हे सांगते, कारण ते खरं आहे, पण हागारेची गोष्ट सांगून. मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेली ती दासी, देव तिला तिथे गाठतो आणि विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस. आणि ती त्याला 'पाहणारा देव' असं नाव देते. बायबलात देवाला नाव देणारी ही पहिलीच व्यक्ती, आणि ती एक परदेशी दासी. बघणाऱ्या देवाचं भय तिला वाटलं नाही. कोणीतरी एकदाचं आपल्याकडे बघितलं असं तिला वाटलं.

या वर्षी मी त्यांना किनाऱ्यावरची न्याहारी सांगितली तेव्हा एका मुलीने हात वर केला. यहूदाला मिळाली असती का न्याहारी?

मी तिला सांगितलं की येशूला पकडून देणाऱ्या त्या यहूदाला ती आधीच मिळाली होती. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने त्याचेही पाय धुतले. ताटात बुडवलेला घास त्याने यहूदाच्याच हातात दिला, सगळं ठाऊक असताना. बागेत तो शिपाई घेऊन आला तेव्हाही येशूने त्याला गड्या म्हणून हाक मारली.

मग तो परत का नाही आला, असं दुसऱ्याने विचारलं. आम्ही मत्तयचा सत्ताविसावा अध्याय काढला आणि सगळ्यांनी मिळून वाचला. यहूदाला पस्तावा झाला. तो चांदीची तीस नाणी घेऊन मुख्य याजकांकडे गेला आणि म्हणाला, मी पाप केलं, निर्दोष माणसाचं रक्त पकडून दिलं. याजक म्हणाले, त्याचं आम्हाला काय? तुझं तू पाहून घे. त्याने नाणी मंदिरात फेकली आणि जाऊन गळफास घेतला.

वर्ग थोडा वेळ गप्प होता. पेत्राबरोबर होडीत आणखी सहा जण होते, हे एका मुलाच्या ध्यानात आलं. यहूदा एकटाच गेला होता. आणि गेला तोही नेमका चुकीच्या माणसांकडे, असं दुसरा म्हणाला. मघाची मुलगी म्हणाली की कोणीतरी त्याला वाटेत थांबवून आपल्या घरी न्यायला हवं होतं, निदान येशू उठला त्या रविवारपर्यंत. त्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, पण त्याला घरात घेतलं कोणी असतं? नंतरचा सगळा वेळ मुलं यावरच भांडत होती: योहानाने घेतलं असतं की नाही, येशूच्या आईने घेतलं असतं का, आणि आपल्या गल्लीत आला असता तर कोणाचं दार उघडं मिळालं असतं.